पर्सिव्हिअर म्हंजे काय, मॅडम?

ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं आणि राधानगरीहून कोल्हापूरला निघालेली आमची एसटी मध्येच थांबली. ताईकडं दोन दिवस राहून मी घरी परतत होते. काचेवर पावसाच्या सरी, आत ओल्या छत्र्यांचा वास... मांडीवर पेपर घेऊन मी तपासत बसले. राजारामपुरीत माझा इंग्रजीचा क्लास आहे, छोटासाच.

"मॅडम, एक इचारू?" पलीकडच्या सीटवरून आवाज आला. रुंद खांद्यांचा, उन्हानं रापलेला तरुण होता. "पर्सिव्हिअर म्हंजे काय?"

मी बघतच राहिले. ओळख काढायची ही नवीनच तऱ्हा होती.

"मोबाईलवर बघा की," मी म्हटलं.

"स्पेलिंग येत न्हाय. म्हणून बोलून बघितलं, तर त्यानं बायकांच्या पर्स दाखवल्या."

मला हसू आवरेना. मग तो सांगत गेला. नाव ऋतुराज. धरणाच्या काठावर गाव, घरी म्हशी, डेअरीला दूध. लहानपणापासून पाण्यात. गेल्या वर्षी मालवणला समुद्रात लांब पल्ल्याचं पोहायला उतरला होता. किनारा दिसायला लागला आणि पायात गोळे आले... लोकांनी होडीत ओढून घेतलं. त्या होडीत एक परदेशी बाई होत्या, स्वतः मोठ्या पोहणाऱ्या. त्यांनी त्याच्या अंगावर टॉवेल टाकला आणि तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

"शिवी हाय का शाबासकी, तेवढं कळालं तर बरं," तो म्हणाला.

"धीर दिला त्यांनी. नेटानं करत राहा, असं म्हणाल्या."

खिडकीबाहेर बघत त्यानं हळूच तो शब्द पुटपुटला — जसं कुणी पहिल्यांदा कुणाचं नाव घेऊन बघतं. पाणी ओसरलं, गाडी सुटली, आणि कोल्हापूर येईपर्यंत माझा एकही पेपर तपासून झाला नाही.

पुढच्या आठवड्यात तो क्लासला आला. दर रविवारी येऊ लागला.

एकदा सगळे गेल्यावर तो फळ्यापाशी थांबला. "पर्सिस्ट आन पर्सिव्हिअर... दोन्हीचा अर्थ चिकटून राहणंच की. मग फरक काय?"

"ताप उतरत नाही, खोकला जात नाही, तिथं पर्सिस्ट. आणि दुखतंय, जमत नाही, तरी माणूस चांगलं काम सोडत नाही, तिथं पर्सिव्हिअर."

"एखादा पोरगा रोज पोरीच्या मागं येत असंल तर?"

"पर्सिस्ट. आणि वर पोलीस स्टेशन."

"आन त्यो मागं येत न्हाय, काय मागत न्हाय, नुसता फळ्याकडं बघत बसतो — तर?"

त्याची नजर फळ्यावर नव्हती. मी डस्टर शोधू लागले. ते माझ्या हातातच होतं.

"वाक्य पूर्ण करा," मी म्हटलं.

"क्रियापद सापडंना अजून."

दिवाळीनंतर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्थळ आणलं. अभिराम, पुण्यात इंजिनिअर. माणूस चांगला होता, बोट ठेवायला जागा नव्हती. रविवारी हो की नाही ते सांगायचं होतं. मी ऋतुराजला हे सांगितलं... का सांगितलं, कोण जाणे.

"शनिवारी धरणाच्या पाण्यात उतरणार हाय," तो म्हणाला. "पार पलीकडं जाऊन परत. जमलं तर पुन्हा समुद्र. न्हाय जमलं तर पोहणं बंद, एमआयडीसीत नोकरी. घरी तसं कबूल केलंय. याल बघायला?"

मी गेले. धुकं पाण्यावरून उठत होतं. त्याचे मामा, केरबा, नाव वल्हवत होते आणि मी पुढं बसले होते. ऋतुराज पाण्यात शिरला, तो माणूस राहिलाच नाही. जमिनीवर अवघडून चालणारा हा मुलगा पाण्यात किती हलका होता... हात वर यायचा, आत जायचा, आवाजसुद्धा नाही. चहूबाजूंनी डोंगर, मधे एवढं अफाट पाणी, आणि त्यात ते एक डोकं. माझा श्वास त्याच्या हातांच्या लयीत चालू लागला.

परतताना वारा सुटला, तोही समोरून. लाटा तोंडावर फुटू लागल्या. पाण्यात एक वठलेलं झाड उभं होतं. बऱ्याच वेळानं मी बघितलं, तर झाड तिथंच, आमच्या शेजारी. तो पोहत होता आणि जागचा हलत नव्हता.

"पोरा, बास झालं," मामा म्हणाले. "नावंला हात लाव. ये वर."

त्यानं मान वर केली. ओठ निळे पडले होते. मामांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मी 'ये' म्हटलं असतं तर तो आला असता. शब्द ओठांवर आला होता... मी तो गिळला.

त्यानं पुन्हा पाण्यात तोंड घातलं.

कितीदा फळ्यावर लिहिला होता मी तो शब्द. पण तो असा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं — पुढं सरकत नाही तेव्हाही उचललेला एक हात. आणि मग आणखी एक. माझे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या पाण्यापुढं एवढासा माणूस, आणि तरी मला मोठा तोच वाटत होता.

झाड हळूच मागं सरकलं. मामांनी वल्हं थांबवून पाण्याला हात जोडले.

काठाला तो गुडघ्यांवरच आला. नाव टेकायच्या आधीच मी पाण्यात उतरले. सलवार भिजली, चप्पल चिखलात रुतून राहिली. मी त्याच्यापुढं टॉवेल धरला.

"उद्या मी तात्यांना नाही म्हणून सांगणार आहे," मी म्हटलं. "तुझं नाव सांगू का... ते तेवढं सांग."

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. दातावर दात वाजत होते. डोळे मात्र असे हसत होते की मला खाली बघावं लागलं.

"जरा थांबा, मॅडम," तो कसाबसा म्हणाला. "व्हय म्हणायचंय... पर गारठ्यानं त्वांड हालंना."