चिलारीची काटी

मुरबाडची जीप चुकली म्हणून रंजिता चरफडत घरी परतली, तर अंगणातली बाज रिकामी. तिचा बाप बुधू मोतीबिंदूने जवळपास आंधळा झालेला, हाक मारल्याशिवाय बाजेवरूनही न उतरणारा माणूस. आणि गेल्याच आठवड्यात बिबट्याने पाड्यावरच्या दोन शेळ्या उचललेल्या.

तिने नि शामने, तिच्या नवऱ्याने, ओढा पाहिला, मोहाखाली पाहिलं, शेजारच्या पाड्यावर निरोप धाडला. काखेत कळसा नि गावाला वळसा! बाचा आवाज आला तो घरामागून, गडाच्या पायथ्याच्या चिलारीतून.

चिलार ही बाभळीच्याच जातीतली, पण वेलीसारखी अंगावर येणारी. काटे मांजरीच्या नखांसारखे वाकडे. शत्रू वर चढू नये म्हणून गडकऱ्यांनी ती मुद्दाम राखलेली. गड केव्हाच ओस पडला, ते चिलारीला मात्र कुणी कळवलं नाही. तिच्यात कोंबडीसुद्धा शिरत नसे.

"बा, आत कसा गेलास रं?"

"मना नेला त्यांनी," बुधू आतून कुजबुजला. "गप बस बोलले. भायेर हाय तो."

जाळीच्या कडेने ओल्या मातीत बिबट्याची पावलं उमटली होती. पुन्हापुन्हा घातलेल्या घिरट्याच त्या.

शामने कोयत्याने वाट पाडली. दोघांचे हात रक्ताने भरले. आत, झाडून काढल्यासारख्या जागेत, बुधू मांडी घालून बसला होता. रंजिताने त्याचे हात पाहिले, पाठ पाहिली, तळवे पाहिले. एक ओरखडा नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. हसू नि रडू एकदमच आलं.

"म्हाताऱ्या, जीवाला घोर लावलास ना!" तिने त्याला पोटाशी धरलं. "कोण व्हते ते?"

"मना काय दिसतंय? हात खरबरीत व्हते. पहारा बदलला तवा एक दुसऱ्याला बोलला, ह्यो आपला हाय."

शामने मान फिरवली.

बाहेर आल्यावर बुधू थबकला. "काटी लाव, रंजे."

पाड्याची रीतच होती ती. कुंपण ज्याने उघडलं त्यानेच छाटलेली काटेरी फांदी, म्हणजे काटी, परत लावायची. एरवी ती हसली असती. आता आत राखायचं कुणाला? पण बाप धडधाकट हाती लागला होता. आज ती काहीही करायला तयार होती.

एकेक फांदी तिने वाटेत रचली. शाम बुधूचा हात धरून तिच्या मागे उभा होता.

शेवटची फांदी मोठी. बुडखा धरून तिने रेटली. बसेना.

तिने पुन्हा जोर लावला.

फांदी हातातून अलगद सुटली. खाली पडली नाही. आतून कुणीतरी ती ओढून घेतली, जराशी फिरवली, आणि घट्ट बसवली.