डाव्या बाजूचं माप

पंचशीलाचा हात बसलेला आहे, असं दवाखान्यात सगळेच म्हणत. कलबुर्गीच्या त्या खाजगी दवाखान्यात सीटी स्कॅनच्या खोलीत तिची अकरा वर्षं गेली होती, आणि लिव्हरचं माप काढायचं काम आलं की डॉक्टर सिद्धेश्वर ते दुसऱ्या कुणाला देत नसत. काम म्हणाल तर भलतंच कंटाळवाणं. पडद्यावर पोटाच्या चकत्या एकामागून एक येतात. प्रत्येक चकतीवर लिव्हरच्या कडेकडेनं माऊसनं रेघ ओढायची, कापून टाकायचा भाग वेगळा, मागं राहायचा वेगळा. दीडेकशे चकत्या झाल्या की कॉम्प्युटर सांगतो, शंभरातलं मागं किती उरणार. धडधाकट माणसाला तीससुद्धा पुरतात. पण लिव्हर आधीच सुरकुतलेलं असेल तर चाळीस तरी पाहिजेत. त्याच्या खाली गेलं की ऑपरेशन झकास होतं आणि पेशंट आठवड्यात जातो.

या खेपेला पेशंट तिचा थोरला भाऊ होता.

बुद्धरत्न भालकीत ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दारूचा थेंब कधी घेतला नाही त्यानं. लहानपणी कुठल्याशा सुईतून काविळीचा विषाणू अंगात शिरला, तो मुक्कामालाच राहिला, लिव्हर सुरकुतवत गेला आणि चाळिशीत उजव्या बाजूला गाठ उठवून मोकळा झाला. गाठ काढली नाही तर वर्षभर, फार तर दीड वर्ष. काढायची तर उजवी बाजू सगळीच काढावी लागणार, आणि पुढचा जन्म डाव्या तुकड्यावर निभवायचा. म्हणून डॉक्टरांनी आधी उजवीकडची एक रक्तवाहिनी बंद करून महिनाभर डावी बाजू वाढू दिली होती. रक्त गोठतं का, बघून झालं. शिरेत हिरवा रंग सोडून पंधरा मिनिटांनी तो किती उरतो, तेही बघून झालं. सगळं ठीक होतं. राहिलं होतं फक्त माप.

सोमवारी सकाळी अकराला तिनं ते काढलं. चव्वेचाळीस! पंचशीलानं खुर्चीतल्या खुर्चीत दोन्ही हात वर केले आणि भालकीला आईला फोन लावला. "माय, दादा पास झाला गं."

माप दोनदा काढायचं हा तिथला नियमच होता. मंगळवारी अकराला तिनं परत रेघा ओढल्या. बेचाळीस आले. त्याचं तिला काही वाटलं नाही. माणसाचा हात आहे, दोनचार इकडंतिकडं होतातच. तरी मन स्वस्थ बसेना, म्हणून जेवायच्या आधी तिनं तिसऱ्यांदा मोजलं. चाळीस.

स्कॅन तोच होता. भावाला परत मशीनमध्ये घातलं नव्हतं. नाव, तारीख, नंबर तिनं तीनतीनदा ताडून बघितले. काढलेल्या फोटोतला माणूस काही वाळत नसतो. बुधवारी सदतीस आले तेव्हा तिला चक्क राग आला, स्वतःचाच. तिनं शेजारच्या खोलीतून किरणकुमारला हाक मारली. हा तिच्यानंतर लागलेला टेक्निशियन, काम जरा दणकून करणारा, पण चुकणारा नव्हे.

त्यानं मोजलं. चव्वेचाळीस.

"अक्का, झोप झालेली न्हाई तुमची," तो हसून म्हणाला.

"थांब. इथंच बस. मी करते, तू बघ."

तो मागं उभा राहून बघत राहिला. एसीचा थंड वारा मानेवर येत होता. तिची रेघ कुठं चुकत नव्हती. शेवटी छत्तीस आले, आणि किरणकुमारचं हसू मावळलं. त्यानं आपली रेघ तिच्या रेघेवर आणून ठेवली. त्याची रेघ लांब प्लीहेपर्यंत गेली होती, तिची बोटभर अलीकडंच वळली होती. आणि दोन्ही रेघा बरोब्बर कडेवर होत्या. त्याच्या हातात माऊस असला की तिथं लिव्हर दिसत होतं. तिनं माऊस घेतला की तिथं काळं होतं.

"मशीनची काय तर भानगड असंल," तो म्हणाला.

ती तिसऱ्या मजल्यावर भावाकडं गेली. बुद्धरत्न खिडकीपाशी बसून मोसंबी सोलत होता.

"कसं वाटतंय दादा?"

"बरं हाय की. फक्त इथं," त्यानं बरगडीखाली डावीकडं हात ठेवला, "हलकं हलकं वाटायलंय. चमच्यानं कुणी खरवडल्यागत. सोमवारपासून. ह्याच टायमाला."

घड्याळात साडेअकरा होत होते. काल दुपारी परत वाटलं होतं का, हे तिला विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही. मोसंबीची एक फोड तोंडात टाकली आणि खाली येऊन गुरुवारपर्यंत कळ काढली. गुरुवारी मात्र राहवलं नाही. एकदाच, खात्रीसाठी, असं स्वतःला बजावत तिनं सहाव्यांदा मोजलं. चौतीस.

त्याच दुपारी सोजराबाई, तिची आई, हुमनाबादवरून बस बदलून आली. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सगळं फडक्यात बांधून. वऱ्हांड्यात जेवता जेवता पंचशीलानं सगळं सांगून टाकलं. सांगताना आपण शाळकरी पोरीसारखं बोलतोय, हे तिला कळत होतं.

आईचा घास हातात राहिला. "किती खेपा मापलीस?"

"सहा."

"निजवून?"

"स्कॅन निजवूनच काढतेत माय. मी मापले ती फोटोवर."

"निजलेलाच फोटो न्हवं का?" सोजराबाईचा आवाज उतरला. "निजल्या माणसाचं माप एकदाच घेतेत, पंचशीला. तिरडीचा बांबू तोडायला. जित्या माणसाला मापायचं तर उभं करून मापावं. तुझी आजी वाकळ शिवताना पण लेकरू झोपलं असलं तर मापाची दोरी धरायची न्हाई."

पंचशीला बघतच राहिली. तिचे वडील, राजपाल गुरुजी, यांनी उभा जन्म असल्या गोष्टी घराबाहेर काढण्यात घालवला होता. त्यांच्या घरात नवस नव्हता, उतारा नव्हता, अमावस्येला लिंबू नव्हतं. आईच्या तोंडून असलं काही तिनं चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"कामून असलं बोलायलीस गं? बाबांनी ऐकलं असतं तर?"

"त्येंनी ऐकलं असतं तर मी बोलले नसते," आई म्हणाली. "आता मापू नको. माझी आण हाय."

पंचशीलानं आण मानली, असं नाही. पण ती भ्यायली होती. खरं सांगायचं तर त्या फाईलीचं नाव पडद्यावर दिसलं की ती दुसरी फाईल उघडत होती. तिनं शुक्रवारी दोन्ही आकडे डॉक्टरांपुढं ठेवले, काही न लपवता. किरणकुमारचा चव्वेचाळीस, आपला चौतीस. डॉक्टर सिद्धेश्वरांनी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं.

"तुझा भाऊ आहे. हात थरथरणारच. तुला द्यायलाच नको होतं हे, माझी चूक." त्यांनी रिपोर्टवर चव्वेचाळीस लिहिलं. "हिरव्या रंगाची तपासणी उत्तम आहे. सोमवारी करून टाकू."

शनिवारी आणि रविवारी तिनं सीटीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

सोमवारी साडेनवाला बुद्धरत्नला आत नेलं. जाताना त्यानं आईला अंगठा दाखवला. दोघी मायलेकी थिएटरच्या बाहेर बाकड्यावर बसल्या. वर लाल दिवा. फिनेलचा वास. कुठंतरी लिफ्टचं दार सारखं उघडमीट करत होतं. पंचशीला मनात बडबडत होती, सगळं नीट होणार, चव्वेचाळीस आहे, भरपूर आहे.

अकरा वाजून गेले.

थिएटरची सिस्टर, मंजुश्री, मास्क हनुवटीखाली ओढून बाहेर आली.

"अक्का, सर विचारायलेत. तुमचं शेवटचं माप किती होतं?"

"कामून?"

"आत चव्वेचाळीस दिसंना."

"चौतीस," पंचशीला म्हणाली.

सिस्टरनं मान हलवली. "त्याच्याहून लई कमी हाय. आन् सर म्हणायलेत, पोट उघडलं तवा इतकं कमी नव्हतं."

"मी हात लावला न्हाई. गुरुवारपासून मी माऊसला हात—"

"पंचशीला," सोजराबाई हळूच म्हणाली. "सकाळपासून काय काढायलीस?"

तिनं खाली बघितलं. उजव्या हाताचं बोट मांडीवर चालत होतं. साडीवर, लिव्हरच्या कडेची तीच रेघ ओढत. वर चढायचं, खाचेपाशी आत यायचं, निमुळतं होत टोकाला जायचं, आणि वळून परत. वेढा पुरा झाला की नवा वेढा.

तिनं बोट उचलायला पाहिलं. ते उचलेना.

"बंद करा म्हणावं!" ती ओरडली. "कापू नका! हाय तसं शिवून टाका!"

मंजुश्री पळत आत गेली. दार हललं, थांबलं.

सोजराबाईनं लेकीचं बोट दोन्ही हातांच्या मुठीत गच्च धरलं. बोट थोडं वळवळलं, मग गार पडलं. पंचशीलाला रडू फुटलं. गाठ आत राहणार होती, वर्षभरात ती भावाला नेणार होती, आणि तरी तिला हायसं वाटत होतं. त्याची तिला लाज वाटली. वर्ष तरी मिळालं. तिनं डोकं आईच्या खांद्यावर टेकलं.

दहा मिनिटं गेली असतील. आतून कुणी आलं नाही.

मग तिच्या तळहातावर काहीतरी सरकलं. अगदी हलकं.

आईचं बोट होतं. सोजराबाई दाराकडं एकटक बघत होती, आपलं बोट चालतंय हे तिच्या गावीही नव्हतं. आयुष्यात तिनं एकही स्कॅन बघितला नव्हता. बोट वर चढलं, खाचेपाशी आत आलं, निमुळतं होत टोकाला गेलं आणि वळून परत आलं.

मग पुन्हा वर चढलं, या खेपेला जरा आतून.