ड्युटीवरचा खंडेराव

चहा बाजूला ठेवा आधी, नायतर सांडंल. विश्वास तर तुम्ही ठेवणारच नाय! शेंद्र्याच्या एका कारखान्यात खंडेराव मेल्यावरसुद्धा दहा दिवस कामावर हजर होता.

झालं असं, की दुपारच्या सुट्टीत गडी भिंतीवरून उडी मारून चहाला गेला आणि जालना रोडवर ट्रकखाली आला. आत आल्याची नोंद होती, बाहेर पडल्याची नव्हती. यमदूत न्यायला आला, तर वॉचमननं त्यालाच गेटपास मागितला! दूत वैतागून म्हणाला, "आधी याला आऊट करा, मग नेतो."

हजेरीच्या खोलीत छावणी भागातली सृष्टी बसायची. दुसऱ्या दिवशी मान वर करते, तर खिडकीत खंडेराव. अंगावर लख्ख ऊन, पण सावली नाही.

"अहो, तुम्ही तर काल..."

"व्हय, गेलो. पण सुटलो नाय. मला आऊट करा की म्याडम. मशीनवर अंगठाच उमटंना."

"इतके दिवस कधी बोलला नाहीत ते?"

"जित्तेपणी तुमच्याकडं बघायची छाती झाली नाय... आता कशाला भ्यायचं?"

"मग बघा," ती म्हणाली — आणि स्वतःच खाली बघायला लागली.

एक बटण दाबायचं होतं फक्त. ती रोज म्हणायची, "उद्या." तो रोज खिडकीशी. तिच्या डब्यातल्या मेथीचा नुसता वास घ्यायचा अन् म्हणायचा, "मीठ कमी हाय." आणि खरंच कमी असायचं! ती हसली की पंखा बंद असूनही टेबलावरचे कागद उडायचे.

दहाव्या दिवशी मात्र त्यानं डब्याचा वाससुद्धा घेतला नाही.

"काय झालं?"

"गावाकडं करमाडला आय उन्हात बसलीय. पिंडाला कावळा शिवंना. शिवंल कसा? मी तर ड्युटीवर..."

"जेवल्या का त्या?"

"कावळा शिवल्याबिगर घास घेणार नाय म्हणती."

सृष्टीनं कॉम्प्युटरवर त्याचं नाव काढलं. बोट बटणावर ठेवलं.

"दाबलं तर... परत नाही ना येणार?"

"नाय. पण म्याडम, या धा दिवसांत लई जगलो बघा."

"मॅडम नको. सृष्टी म्हणा."

"सृष्टी..."

तिनं डोळे घट्ट मिटले अन् बटण दाबलं. तिकडं करमाडला कावळ्यानं अशी झडप —

"खोटं, सोनाजीमामा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. टपरीतल्या मागच्या बाकाजवळ सृष्टी उभी होती.

"डोळे मिटले नव्हते मी. तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते."