धुळीचा लाल रंग

नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून ती समोरच्या छापखान्यात शिरली, फाइल देऊन गेली आणि तासाभराने परतली. पाहते तर काय — आकाशगंगेतल्या धुळीच्या तिच्या नकाशाचा पहिला तुकडा निळसर, धुऊन काढल्यासारखा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"यातला लाल कुठे गेला?"

"काढला," छपाईवाला अभिमानाने म्हणाला. "सगळे तारे तांबूस दिसत होते. म्हटलं, फाइल बिघडलीय. तासभर खपून दुरुस्त केली!"

"अहो, तो लाल म्हणजेच माझी दोन वर्षांची मेहनत! वाटेत धूळ असली की ताऱ्याचा निळा प्रकाश विखुरतो, तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. जितका तांबूसपणा जास्त, तितकी धूळ जास्त. तुम्ही तर आख्खी आकाशगंगाच झाडून काढलीत!"

तो ओशाळला... आणि मग त्याला हसूच आवरेना. नाकावर शाईचा डाग घेऊन हसणाऱ्या माणसावर रागावायचं तरी किती? तीही हसली.

मग दर शुक्रवारी ती आकाशाचा नवा तुकडा छापायला आणू लागली. गल्ल्यावरून त्याची आई हाक मारायची, "अरे, तुझी धूळबाई आली!" तो भिंग लावून एकेक छटा तपासायचा, प्रश्न विचारायचा, आणि ती मुद्दाम लांबण लावून उत्तरं द्यायची.

आज शेवटचा तुकडा होता. नकाशा पुरा झाला, म्हणजे शुक्रवारही संपले. तिला अगदी रडू यायला लागलं. छपाईत नाव ठेवायला जागा नव्हती, तरी ती म्हणाली, "इथे... लाल जरा कमी वाटतोय. परत छापाल? पुढच्या शुक्रवारी येते."

त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"रंग बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्हालाही ठाऊक आहे."

चोरी पकडली गेली. आता लपवून काय उपयोग?

"आहे ठाऊक! पण काम संपल्यावर मी कुठल्या तोंडाने येऊ इथे? आणि मला तर यायचंय... तुम्ही आवडता मला. झालं, बोलले एकदाचं!"

गल्ल्यावरून आईनेच आवाज चढवला, "ठोंब्या, बघत काय राहिलास? दर शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालतोस, तो काय मशीनला दाखवायला?"

"पुढच्या शुक्रवारपर्यंत... माझ्याने नाही थांबवणार," तो एका दमात म्हणाला. "उद्या भेटाल?"

"उद्या?" तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता काय करताय?"

मशीन बंद करून तो तिच्यामागोमाग पायऱ्या उतरला.

"अगं, नकाशा!" आई मागून ओरडली. पण ऐकायला दोघांपैकी कुणाचं लक्ष होतं!