हातांनी मागितलेलं जेवण

"ओ भाऊ! मरळ अशी ढवळतात का कुठी? पार भुगा होईन तिचा!"

एटापल्लीहून आत जंगलात, मोहटोल्याच्या शाळेमागे, बनियनवरचा एक उंच माणूस चुलीवरच्या भल्यामोठ्या गंजात डाव फिरवत होता. काळीपिवळी जीपमधून उतरले तेव्हा माझ्या केसांत, भुवयांत धूळ बसलेली, आणि पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही. मी ब्रह्मपुरीकडची, वैनगंगेत जाळं टाकणाऱ्यांची पोर. माशाचे असे हाल मला बघवत नाहीत.

"मग कसं करू बाई?" त्यानं विचारलं.

"डाव ठेवा खाली. फडक्यानं दोन्ही कान धरा गंजाचे, आन् हालवा. हां... अस्सं!"

त्यानं निमूट गंज हलवला. मी पाणी मागितलं, त्यानं लोटा भरून आणला. पाणी थंडगार होतं. लोटा देताना तो हसला... बाप्पा, असं हसू आचाऱ्याकडे असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"इथले मास्तर कुठी आहेत?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

त्यानं हात पुसले, खुंटीवरचा शर्ट चढवला, सगळ्या गुंड्या लावल्या आणि म्हणाला, "मीच. विनोद नरोटे. जोहार मॅडम."

धरणीमाते, घे मला पोटात! आमच्या केंद्राची रीत मला अजून ठाऊक नव्हती. दर महिन्याला सगळ्या शाळांचे मास्तर एका शाळेत जमतात, त्याला केंद्र संमेलन म्हणायचं. ज्याची शाळा, त्याचं जेवण. आणि मास्तर बिनलग्नाचा असेल तर डावही त्याच्याच हाती.

मी तेव्हा नवीनच लागलेली फिरती विशेष शिक्षिका होते. ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही, त्यांच्यासाठी गावोगाव हिंडायचं. त्या दिवशी तेच संमेलन होतं आणि त्यात माझ्यासाठी एक तास ठेवा, असं वरून आलं होतं. केंद्रप्रमुख देवराव सर माणूस प्रेमळ, पण रश्श्याचा वास आला की त्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नसे.

"मॅडम, तुमचा तास झाला असं लिहून टाकतो," ते म्हणाले. "वरचेही खूश, तुम्हीही खूश. चला, जेवण थंड होऊन राह्यलं."

"मी खूश नाई सर!" मी बोलले. पण तोवर पत्रावळी पडल्या होत्या.

त्याच दिवशी मला सुकरी भेटली. विनोद सरांच्या चौथीतली, जन्मापासून बहिरी, डोळे मात्र सगळीकडे. मी हातांनी नाव विचारलं आणि ती पोर अशी काही खुलली की माझा राग कुठल्या कुठे गेला. तिचा बाप वारलू दारातच उभा होता. तो म्हणाला, "इथी हे मास्तर आहेत, मारत नाई, सांभाळते. पाचवीले केंद्राच्या शाळेत जा लागते. तिथी कोन बोलन हिच्याशी? यंदा मोहफुलं वेचाले नेतो आन् शाळा बंद."

त्याचं काय चुकलं होतं? केंद्राच्या शाळेत मास्तर पुष्कळ, पण हातांनी बोलणारं कुणी नाही. मी एकटी किती ठिकाणी पुरणार? मास्तरांनी एकत्र बसून शिकायला हवं होतं, आणि तो तास तर रश्श्यात बुडाला होता.

मग मोहटोल्याला माझ्या फेऱ्या जरा वाढल्याच. सुकरीसाठीच हो! पण विनोद सरही शिकायला बसायचे, आणि त्यांची लांब बोटं भलतंच काहीतरी बोलायची. 'बस' म्हणायचं तर 'पळ' म्हणायचे. सुकरी खरंच पळायची. मी पोट धरून हसायचे.

"तुम्ही हसता म्हणून चुकते माह्यं," ते एकदा म्हणाले.

"मग नाई हसत."

"नाई... हसा. चुकू द्या."

मी घाईनं सुकरीच्या पाटीकडे पाहिलं. पाटी कोरी होती. कान तापले होते, ते पदरानं थोडेच झाकतात!

फेब्रुवारी सरत आला. एकदा चहा पिताना मी सहजच बोलले, म्हणजे सहज असं दाखवून, "मार्चचं संमेलन झालं का मी गावाले चालली. त्या रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. मुलगा घुग्घुसले आहे, सिमेंटच्या कारखान्यात."

"अच्छा," ते म्हणाले. फक्त अच्छा! मग माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"मॅडम... मार्चचं संमेलन मी पुन्हा माह्याच शाळेत घेतो."

"काऊन? पुन्हा मरळीचा भुगा कराले?"

"हाव. तुम्ही हाताचं शिकवा. वेळेचं माह्यावर सोडा."

मार्चात मोहफुलांचा गोड वास शाळेत शिरला होता. भाषणं झाली, बारा वाजून गेले, तरी रश्श्याचा वास काही येईना. देवराव सर कासावीस झाले. "नरोटे सर, जेवण?"

"चूल आत्ताच पेटवली सर," विनोद सर अगदी साळसूदपणे म्हणाले. "तासभर लागन. तोवर मॅडम शिकवते ना."

भुकेला माणूस जातो कुठे? मी शिकवलं. भात, मासे, पाणी, मीठ. हो, नाही, ये, बस. आणि उघडा तळवा छातीशी ओढला की 'पाहिजे'.

पंगत बसली तर वाढायला सुकरी! विनोद सरांनी मोठ्यानं सांगितलं, "तोंडानं मागणाऱ्याले काही भेटनार नाई. हातानं मागा." मग काय गंमत! देवराव सरांनी मासे मागितले, सुकरीनं मीठ वाढलं. पुन्हा मागितले, पुन्हा मीठ. पोर हसून हसून वाकली. तिसऱ्यांदा मात्र सरांचा हात मासोळीसारखा वळवळला आणि पानात मरळ पडली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

मग केंद्राच्या शाळेतल्या इंदिराबाई, पाचवीच्या वर्गशिक्षिका, हात पुसून सरळ बसल्या. हळूहळू, चाचपडत त्यांनी विचारलं... तू, माझ्याकडे, ये?

सुकरी थबकली. मग डाव खाली ठेवून तिनं एवढ्या जोरात मान डोलावली की वेणी सुटली. दारातला वारलू नाक ओढत म्हणाला, "मोह आमी वेचू. पोरगी शाळेत जाईन." मला रडूच फुटलं. पानावर बसून, सगळ्यांसमोर, अगदी हमसून.

विनोद सर रस्सा घेऊन माझ्यापाशी वाकले.

"रडू नका ना... मॅडम, ते रविवारचे पाहुणे..."

"त्यायचं काय?"

"त्यायले नका बोलावू."

"काऊन?"

"मले... मले तुमच्याशी लग्न करायचं आहे." बोलून टाकलं आणि भरलेला डाव माझ्या पानात रिता केला.

तेवढ्यात सुकरीनं माझी बाही ओढून हातांनी विचारलं, सर काय म्हणाले? आता तिला काय सांगू? पण खोटंही कसं सांगू? मी हातांनी सांगितलं की सर म्हणतात, माझ्याशी लग्न कर.

तिनं विनोद सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुला पाहिजे?

मी भोवतालची पंगत साफ विसरले. तळवा उघडला आणि छातीशी ओढला. एकदा नाही, दोनदा.

मान वर केली तर सगळे मास्तर घास हातात धरून माझ्याच हाताकडे बघत होते. तासभर मीच तर शिकवलं होतं त्यांना!

"नरोटे सर," देवराव सर गरजले, "मॅडमनं हातानं मागितलं आहे. आता वाढा लागते!"