कोड ब्ल्यू, चार नंबर

रुद्राणी आणि योगीराजची पहिली भेट झाली, तीच मुळी भांडणानं.

केजच्या त्या तीस खाटांच्या दवाखान्यात चौकशीच्या टेबलावर बसून तिला जेमतेम तीन दिवस झाले होते. वरून फोन आला, "सहा नंबर, कोड ब्ल्यू! माईकवर सांग." मागून कुणीतरी ओरडत होतं, "बाबा श्वास घेईनात!" कोड म्हणजे काय, ते विचारायच्या आत फोन बंद. पोरगी नेकनूरची, मनानं भोळी. तिनं आपलं सोपं करून सांगितलं, "सहा नंबरचे बाबा लई शिरियस हायत हो... समदे पळत या!"

आणि समदे आले! सोयरेधायरे, शेजारच्या खाटांचे पाहुणे, समोरच्या रसवंतीवरची माणसंसुद्धा. औषधांची ट्रॉली ढकलणारा नर्स, योगीराज ब्रदर, दारातच अडकला. बाबा वाचले, पण थोडक्यात.

घामानं निथळत तो टेबलाशी आला. "मॅडम, गाव कावून गोळा केलं?"

"माणूस मरायला लागल्यावर हळू बोलायचं व्हय?" तिचे डोळे भरले होते, पण कुतूहल काही गप्प बसेना. "आन्... निळाच कावून?"

योगीराज रागवायचंच विसरला. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"माणूस निळा पडतो म्हणून असंल. आमाला कळावं, पाहुण्यांनी घाबरू नये, म्हणून कोड."

"बाकीचे रंग?"

"रोज एक सांगतो... चहा पाजला तर."

लाल म्हणजे आग. गुलाबी म्हणजे लेकरू हरवलं. रंग चार दिवसांत संपले, चहा काही संपला नाही. सगळा दवाखाना त्याला ब्रदर म्हणायचा. रुद्राणी मात्र 'अहो योगीराज' म्हणायची. का, ते तिचं तिला ठाऊक!

माईकची मात्र तिनं धास्ती घेतली होती. पुन्हा चूक झाली तर घरी बसायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फोन वाजला की ती माईक शेजारच्या तेजश्रीकडे सरकवायची.

त्या दुपारी तेजश्री जेवायला गेली होती आणि योगीराज कप घेऊन समोर उभा होता. फोन वाजला. "बायांचा वॉर्ड, चार नंबर, कोड ब्ल्यू!"

चार नंबरला त्याची आई होती, गंगासागर. कालच छातीत दुखतंय म्हणून आणलेली.

रुद्राणीनं माईक स्वतःकडे ओढला. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं... आणि बटण दाबलं. "कोड ब्ल्यू. बायांचा वॉर्ड, चार नंबर." दोनदा. पाटोद्याची एसटी लागल्याचं सांगावं, इतक्या शांतपणे.

एकही पाहुणा जागचा हलला नाही. योगीराज कप टाकून धावला. वाट मोकळी होती. ट्रॉली थेट आत गेली.

तासाभरानं तो परत आला. "आई वाचली," एवढंच म्हणाला. मग टेबलाला टेकत, "तुझा आवाज कापला असता ना... तर मी हितंच मटकन बसलो असतो."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"कापत न्हवता व्हय? हे बघा." तिनं हात पुढे केला. तो अजून थरथरत होता. त्यानं तो धरला... आणि सोडलाच नाही.

"अहो, लोक बघायलेत," ती पुटपुटली. "ह्याला कंचा कोड?"

"ह्याला कोड न्हाई," योगीराज म्हणाला, आणि दुसऱ्या हातानं त्यानं माईक तिच्याकडे सरकवला. "हे सोप्या भाषेत सांग. गाव गोळा झालं तरी चालतंय."