टाचा खाली

कलासंग्रहालयाच्या किल्ल्या दुसऱ्या दिवशी तिथल्या साहेबांच्या हवाली करायच्या होत्या, म्हणून ती दुपारी शेवटची नजर टाकायला आली. इमारत तिनंच आखलेली. आता ऐकताच आहात, तर वरच्या मजल्यावरच्या त्या दालनाचंही सांगायला हवं.

घरभर नकाशे पसरलेले असायचे तेव्हा तिची लेक छकुली सात वर्षांची होती. पालथी पडून नकाशांच्या मागे रेघोट्या मारायची आणि कुरकुरायची, "आई, चित्रं सगळी मोठ्यांसाठीच टांगतात. मी काय फरशी बघू?" आईनं तिच्यासाठी एक दालन खास काढलं; तिथली चित्रं मुद्दाम खाली टांगायची. पाया खणायच्या आधीच पोर तापानं फणफणली आणि आठ दिवसांत गेली. दालन तेवढं नकाशावर तसंच राहिलं आणि पुढे बांधलंही गेलं.

घरी स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला छकुलीची उंची मांडली जायची. डोक्यावर आडवी पट्टी, पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख. पोर हळूच टाचा उचलायची आणि आई दटावायची, "टाचा खाली!" शेवटची रेघ तीन फूट दहा इंचांवर होती.

दालनाचा गिलावा वाळला त्या आठवड्यात तिथल्या भिंतीवर पेन्सिलीची एक आडवी रेघ दिसली. कुणा गवंड्याची असेल म्हणून तिनं सहज टेप लावला. तीन फूट दहा. तिनं टेप पुन्हा लावला. तेवढंच.

रंगाऱ्यानं रेघेवर पुट्टी फिरवली. महिन्याभरानं रेघ परत आली, जराशी वर. दोन वर्षं ती अशी वर सरकत राहिली. भीती वाटली का? वाटली की! पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी पोटातून उचंबळून यायचं. पोर वाढतेय! नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. तो म्हणाला असता, सुट्टी घे. ती नुसती खुसपटं काढत राहिली, इथे ओल आहे, तिथे पोपडा आलाय, परत रंगवा, आणि काम लांबवत राहिली. आता खुसपटंही संपली. आज रंगाचा शेवटचा हात, उद्या कुलूप दुसऱ्याचं. पोर दुसऱ्यांदा हातची जाणार होती.

"काका, जेवून घ्या तुम्ही. मग भिंत उरकू," ती रंगाऱ्याला म्हणाली.

"तुम्हीही फार थांबू नका, ताई," म्हातारा दबक्या आवाजात म्हणाला. "मी एकटा जात नाही त्या खोलीत. पेन्सिल घासल्यासारखा आवाज येतो..."

दालनात ओल्या रंगाचा वास कोंडला होता. खिडक्या बंद, उजेड फिका. रेघ चार फूट दोनवर पोचली होती. ती कौतुकानं वाकली आणि तिचं लक्ष जमिनीकडे गेलं. पुट्टीच्या पांढऱ्या धुळीत, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या दोन लहान पावलांचे ठसे होते. बोटं आणि चवडे, एवढेच. टाचा नव्हत्या.

तिला आधी हसू फुटलं, मग रडू. "अगं लबाडे..." पिशवीतली पट्टी काढून तिनं रेघेवर आडवी धरली, घरी धरायची तशी. आणि सवयीनं बोलून गेली, "टाचा खाली!"

पट्टीखाली काहीतरी मऊ हललं. पट्टी उतरू लागली. एक इंच. दोन... तीन... चार. मग थांबली. टेप लावायची गरजच नव्हती. धुळीत चवड्यांच्या मागे दोन टाचा हळूच उमटल्या होत्या.

पोर वाढली नव्हती. एका बोटानंसुद्धा नाही. आईला बरं वाटावं म्हणून दोन वर्षं ती चवड्यांवर उभी राहत होती, दर वेळी जरा जास्त ताणून.

जिन्यात रंगाऱ्याची पावलं वाजली.

"नको गं... ऐकू नकोस माझं," ती घाईघाईनं कुजबुजली. "उचल. उचल टाचा, बाळा..."

पट्टी वर चढली. चार फूट दोन. आणि आणखी थोडी वर.

तारीख घालायला पेन्सिल हवी होती. ती पिशवीत चाचपू लागली, एका हातानं सापडेना म्हणून दोन्ही हातांनी. मग तिच्या लक्षात आलं. पट्टी तिथेच होती, भिंतीला टेकून, हवेत. थोडी थरथरत होती, चवड्यांवर फार वेळ उभं राहिलं की माणूस थरथरतो तशी.